गाण्याची लय आधी पायाने मोजा, मग पडद्यावर बघा

काटोल रोडवरच्या एका लॉनमध्ये रिसेप्शन होतं. ढोलाचं एक जलद गाणं वाजत होतं, लॅपटॉपवर १४८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १४८ ठोके. पुढचं गाणं नवरीच्या मावशीच्या फर्माइशीचं, जुनं. त्याच्यासमोर सॉफ्टवेअरने १५० लिहिलं होतं. दोनाचाच फरक, म्हणून मी सिंक (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण) दाबलं आणि फेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी पट्टी) सरकवला. पुढचे दहा-बारा सेकंद अजून कानात आहेत. दोन्ही गाण्यांचे ठोके एकमेकांच्या अंगावर पडत होते, नाचणारी पोरं हात वर करून तशीच थांबली, आणि मावशी स्टेजजवळ उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. त्या गाण्यावर पाय १०० च्या चालीने पडतो. ते दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात होतं आणि सॉफ्टवेअरने त्याचे गटच चुकीचे पाडले होते.

तेव्हापासून माझा नेम ठरला. नवीन गाणं आलं की ते आधी स्वतः मोजायचं, लिहून ठेवायचं आणि मगच सॉफ्टवेअर काय म्हणतं ते बघायचं. नागपुरात डीजे शिकणारी पुष्कळ मुलं मला विचारतात की सिंकचं बटण असताना हे कशाला? आपल्याकडे वाजणारी निम्मी गाणी त्या बटणासाठी बनलेलीच नाहीत, म्हणून. क्लबमधलं हाउस म्युझिक साधारण १२० ते १२८ च्या दरम्यान, सरळ चारच्या ठेक्यात, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एका लयीत चालतं. तिथे मशीन क्वचितच चुकतं. आपल्या हळदीत, वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत मात्र दादरा येतो, लावणी येते, कव्वालीच्या अंगाची भीमगीतं येतात, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची सिनेगीतं येतात. ही गाणी हाताने मोजावी लागतात.

ठोका म्हणजे नेमकं काय

बीपीएम म्हणजे एका मिनिटात पडणारे ठोके, एवढं सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो ठोका कशाला म्हणायचं इथे, आणि गंमत अशी की तबला शिकलेल्यांचा तो जास्त होतो. केरवा तालाच्या आठ मात्रा: धा गे ना ति, न क धि न. तबलजी त्या आठही मोजतो. नाचणारा मात्र तेवढ्या वेळात चारच पावलं टाकतो. डीजेचा ठोका म्हणजे नाचणाऱ्याचं पाऊल. चालू सिनेगीताचा केरवा असेल तर बहुतेक वेळा दोन मात्रा मिळून एक ठोका होतो. मात्रा मोजल्या तर १०० चं गाणं २०० चं निघेल.

म्हणून उभं राहून मोजा. खुर्चीत बसून बोटांनी टेबल वाजवलं की बोटं हमखास तबल्याच्या चाटेवर किंवा हाय-हॅटवर जातात, म्हणजे बारीक आवाजावर. पाय मात्र डग्याच्या घुमाऱ्यावर, किकवर (ड्रमसेटच्या मोठ्या ढोलावर), ढोलाच्या जाड बाजूवर पडतो. मला हे मारबतीच्या मिरवणुकीत कळलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीकडच्या गर्दीत उभं राहायचं आणि ढोल-ताशाचं पथक समोरून जाऊ द्यायचं. ताशा इतका दाट वाजत असतो की मोजणं अशक्य. पण समोरच्या माणसांचे पाय बघितले तर सगळे एकाच जागी पडतात, ढोलावर. ताशा सोडून द्या आणि पाय मोजा. गाणं मोजतानाही तेच करायचं.

मोजायला कुठून सुरुवात करायची

गायक गायला लागला की मोजायचं, असं करू नका. आपल्या गाण्यांचा मुखडा पुष्कळदा समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या (तालाच्या एका फेरीच्या) पहिल्या ठोक्याच्या आधी उचलला जातो. पहिले दोन-तीन शब्द समेआधी येतात आणि वजनाचं अक्षर समेवर पडतं. गायकाच्या पहिल्या शब्दाला ‘एक’ धरलं तर पुढे सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड (ठोके दाखवणाऱ्या रेघा) लावताना सगळं गाणं अर्ध्या किंवा एका ठोक्याने बाजूला बसतं. सुरुवातीचा आलाप, बासरीचा तुकडा, संवाद हे सगळं जाऊ द्या. ठेका स्थिर झाला, दोन आवर्तनं ऐकली, सम कुठे येते ते पक्कं झालं, की मग मोजायला लागा.

आणि पहिल्या ठोक्याला ‘शून्य’ म्हणा. ही एवढी एक गोष्ट न पाळल्यामुळे लोकांचे आकडे चुकतात. स्टॉपवॉच ज्या ठोक्यावर सुरू केलं तो ठोका म्हणजे सुरुवातीचा खांब. आपण खांब मोजत नाही, दोन खांबांमधलं अंतर मोजतो. शून्य, एक, दोन, तीन... बत्तीस. बत्तीस म्हणताना घड्याळ बंद.

१९२० चा हिशेब

आता भागाकार. ३२ ठोक्यांना किती सेकंद लागले ते बघा आणि १९२० ला त्या आकड्याने भागा. १९२० म्हणजे ३२ गुणिले ६०, दुसरं काही नाही. १६ सेकंद लागले तर गाणं १२० चं. १५ लागले तर १२८. २० लागले तर ९६. २४ लागले तर ८०. आठवडाभर रोज पाच गाणी मोजली की हे आकडे पाठ होतात आणि कॅल्क्युलेटर लागत नाही.

३२ च का, तर गाणी बहुतेक आठ-आठ आणि सोळा-सोळा ठोक्यांच्या तुकड्यांत बांधलेली असतात. ३२ वर येईपर्यंत मुखडा किंवा म्युझिकचा एखादा तुकडा संपतो, त्यामुळे मोजणं चुकलं तर लगेच कळतं. तुमचं ‘बत्तीस’ एखाद्या तुकड्याच्या मध्येच आलं तर बहुधा एखादा ठोका सुटलाय, पुन्हा मोजा.

यात चूक किती राहते? घड्याळ दाबताना अंगठा एक दशांश सेकंद उशिरा पडला असं धरू. १६ ऐवजी १६.१ सेकंद, म्हणजे १२० ऐवजी ११९.२५. पाऊण बीपीएम गेला. ६४ ठोके मोजले (तेव्हा ३८४० ला भागायचं) तर त्याच अंगठ्याने चूक निम्म्यावर येते, १२८ मोजले तर पावावर. जितकं लांब मोजाल तितका आकडा खरा. मी गाणं पहिल्यांदा ३२ वर मोजतो आणि ज्या गाण्यांचा लांब मिक्स करायचा आहे ती १२८ वर पुन्हा मोजतो.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची जुनी युक्ती सगळ्यांना माहीत आहे. ती कार्यक्रम चालू असताना कामाची आहे, घरी बसून नोंद करायला नाही. त्यात एक ठोका इकडेतिकडे झाला की चार बीपीएम चुकतात. कोणी पेनड्राइव्ह आणून दिला आणि ‘भाऊ, हे लावा ना’ म्हटलं, तर गाणं ९० च्या आसपास आहे की १२५ च्या, एवढं ठरवायला ती पुरते.

सॉफ्टवेअरमधलं टॅप बटण हेच काम करतं, फक्त भागाकार ते करतं. चार-पाच वेळा टॅप करून सोडून देऊ नका. तीस-चाळीस ठोके टॅप करत राहा आणि आकडा हलायचा थांबला की मग बघा.

दादरा: जिथे मशीन हमखास फसतं

इथे जरा थांबू, कारण आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. दादऱ्याच्या सहा मात्रा: धा धी ना, धा ती ना. नाचणाऱ्याचा पाय दोन वेळा पडतो, दोन्ही ‘धा’वर. म्हणजे तीन-तीन मात्रांचे दोन गट. सॉफ्टवेअरला सरळ दोन-चारच्या हिशेबाची सवय, त्यामुळे ते पुष्कळदा त्याच सहा मात्रांचे दोन-दोनचे तीन गट पाडतं. दोन पावलांच्या जागी तीन ठोके. परिणाम, पडद्यावरचा आकडा खऱ्याच्या दीडपट. १०० चं गाणं १५० दिसतं, ९० चं १३५. कधी त्याचंही निम्मं, म्हणजे १०० चं ७५.

ओळखायचं कसं? गाणं लावा आणि तोंडाने ‘एक-दोन-तीन, एक-दोन-तीन’ म्हणा. झोपाळ्यासारखं आपोआप बसलं तर दादऱ्याचं अंग आहे. मग ‘एक-दोन-तीन-चार’ म्हणून बघा, जीभ अडखळेल. खात्री झाली की फक्त ‘एक’वर पाय टाकत ३२ पावलं मोजा आणि १९२० ला भागा. तुमचा आकडा पडद्यावरच्या आकड्याच्या दोन तृतीयांश आला तर तुमचा बरोबर आहे.

माझ्याबरोबर काम शिकणारा मुलगा पहिल्यांदा हे करत होता तेव्हाचं बोलणं सांगतो.

“दादा, हे गाणं तर एकशे चव्वेचाळीस दाखवून राहिलं.”

“तू नाचून पाहिलं काय त्याच्यावर?”

तो उठला, चार पावलं टाकली आणि थांबला. “एवढं पळून नाही राहिलं ना हे. आरामात चाललं आहे.”

“मग मोज.”

२० सेकंद. ९६. १४४ चे दोन तृतीयांश.

दादऱ्याचं गाणं केरव्याच्या गाण्याबरोबर मिक्स होतं का, तर पावलं जुळवता येतात. ९६ वर ९६ बसवलं की मोठा ठोका मोठ्या ठोक्यावर पडतो. पण दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत एकाचे तीन तुकडे आणि दुसऱ्याचे दोन किंवा चार, ते एकमेकांत अडकतात. त्यामुळे ही दोन गाणी एकत्र चार ठोक्यांपेक्षा जास्त वाजवू नयेत असं माझं मत आहे. समेवर कापा किंवा पहिल्यावर इको टाकून सोडा.

दुप्पट आणि निम्मं

हे सोपं आहे. ७० चं गाणं १४० दिसतं, १७० चं ८५ दिसतं. दोन्ही आकडे गणिताने खरेच असतात, पाय कुठल्या चालीने पडतो तो आपला. सॉफ्टवेअरच्या ग्रिडमध्ये आकडा दुप्पट किंवा निम्मा करायची सोय असते, ती वापरा. एक काळजी घ्या: सगळ्या गाण्यांना एकच नियम लावा. काही १४० वर आणि तशाच चालीची काही ७० वर ठेवली तर यादी लयीप्रमाणे लावून काही उपयोग नाही.

जुनी गाणी सरकतात

ज्या काळात सगळे वादक स्टुडिओत एकत्र बसून वाजवायचे, त्या काळातल्या गाण्यांत लय माणसाच्या हातात होती. शेवटच्या अंतऱ्यापर्यंत वादक रंगात येतात आणि गाणं थोडं पुढे सरकतं. कव्वालीत आणि त्या चालीच्या भीमगीतांत तर लय वाढवणं हा गाण्याचा भागच असतो. अशा गाण्याला एकच बीपीएम नसतो.

मी ती तीन जागी मोजतो: पहिला मुखडा, मधला अंतरा आणि शेवटची आवर्तनं. समजा मुखड्याला ३२ ठोक्यांना १८.२ सेकंद लागले आणि शेवटी १७.६. भागाकार केला तर १०५.५ आणि १०९.१. साडेतीन बीपीएमचा फरक! हे गाणं आणताना १०५ च्या गाण्यानंतर आणायचं आणि त्याच्यातून बाहेर पडताना पुढचं गाणं १०९ वर तयार ठेवायचं. नोंदीत ‘१०५ ते १०९’ असंच लिहा, सरासरी काढू नका. सरासरीचा आकडा त्या गाण्याच्या आत फार तर क्षणभर खरा असतो.

रेकॉर्डबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये बदलत्या लयीची गाणी वेगळ्या पद्धतीने तपासायची सोय आहे, ती चालू केली की ग्रिड गाण्याबरोबर हलतं. चांगली सोय आहे. तरी तीन जागी स्वतः मोजाच, कारण ढोलकीच्या एखाद्या लांब तुकड्यात ते ग्रिडही भरकटतं.

ग्रिड तपासणं

आता सॉफ्टवेअर उघडा. विकत घ्यायची ऐपत नसेल तर ‘मिक्स’ नावाचं, नावात तीन एक्स असलेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि शिकायला पुरेसं आहे. गाणं टाका आणि आकडा तुमच्या नोंदीशी ताडून बघा. जुळला तर ग्रिडची पहिली रेघ समेच्या ठोक्यावर आहे का ते बघा. नंतर थेट गाण्याच्या शेवटाकडे जा आणि तिथेही रेघ ठोक्यावर आहे का बघा. सुरुवातीला रेघ बरोबर आणि शेवटी बाजूला, असं असेल आणि गाणं मशीनच्या ठेक्याचं असेल, तर आकडा थोडासा चुकलाय.

किती चुकलाय ते काढायचा नियम मला फार आवडतो: एका मिनिटात जितके ठोके सरकतं, तितकाच बीपीएमचा फरक. चार मिनिटांत पाव ठोका सरकलं, तर मिनिटाला एक सोळांश, म्हणजे साधारण ०.०६ बीपीएम. रेघा ठोक्याच्या आधी येत असतील तर ग्रिड जलद आहे, तेवढं कमी करा. नंतर येत असतील तर वाढवा.

हाच नियम कार्यक्रमातही लागतो. दोन गाण्यांत अर्ध्या बीपीएमचा फरक राहिला असेल आणि ती १२० वर चालली असतील, तर ३२ ठोक्यांत, म्हणजे १६ सेकंदांत, ती एकमेकांपासून जवळपास ६७ मिलिसेकंद दूर जातात. एवढ्या अंतरात एका किकच्या दोन किक ऐकू येतात, घोडा दौडल्यासारख्या.

नेटवरून उतरवलेल्या फायलींवर विश्वास ठेवू नका. तेच गाणं कधी कधी मूळपेक्षा जलद करून टाकलेलं असतं. गाणं तेच आहे म्हणून मित्राच्या नोंदीतला आकडा उचलू नका. आकडा तुमच्याजवळच्या फायलीचाच लिहा.

आकड्यावरून टक्के

गाण्याचा वेग बदलणारा स्लायडर बीपीएमवर नाही, टक्क्यांवर चालतो. हवा तो बीपीएम वजा असलेला बीपीएम, भागिले असलेला बीपीएम, गुणिले १००. ९६ चं गाणं १०० वर न्यायचं तर ४ भागिले ९६, म्हणजे अधिक ४.२ टक्के. १२८ चं १३२ वर न्यायचं तर तेच चार बीपीएम, पण ३.१ टक्केच. टेक्निक्सच्या १९७९ साली आलेल्या एसएल-१२०० एमके२ टर्नटेबलवर स्लायडर अधिक-उणे ८ टक्क्यांचा होता आणि मला ती मर्यादा आजही योग्य वाटते, जरी नव्या यंत्रांवर १६ टक्के आणि त्याहून पुढेही जाता येतं. सूर बांधून ठेवणारं बटण बंद असेल तर साधारण ६ टक्क्यांना गाणं एक पट्टी चढतं, पांढरी एकचं काळी एकमध्ये जातं. बटण चालू ठेवलं तर पट्टी तीच राहते, पण गाणं फार हळू केलं की आलाप आणि ढोलकीचे बोल चिरफळ्या झाल्यासारखे वाजतात. दोन गाण्यांत आठ टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर मी ती जुळवतच नाही, मध्ये तिसरं गाणं घालतो.

लॉनमध्ये, प्रत्यक्ष वेळी

घरी सगळं जुळतं आणि लॉनमध्ये जुळत नाही, अशी तक्रार असते. बहुतेक वेळा कारण अंतराचं असतं. मोठे स्पीकर स्टेजकडे आणि डीजेचं टेबल समोरच्या कोपऱ्यात. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे १७ मीटरवरच्या स्पीकरचा ठोका तुमच्यापर्यंत यायला ५० मिलिसेकंद लागतात. १२० च्या गाण्यात हा ठोक्याचा दहावा भाग झाला. कानात हेडफोनचा ठोका वेळेवर, समोरचा उशिरा, आणि तुम्ही नीट जुळलेलं गाणं ओढून बिघडवता. टेबलाजवळ एक छोटा स्पीकर मागून घ्या. तो नसेल तर दोन्ही गाणी हेडफोनमध्येच ऐकून जुळवा.

रात्री दहाला आवाज बंद करायचा असतो, त्यामुळे मी नोंदवही लयीप्रमाणे लावतो. जेवणाच्या वेळी ८५ ते ९५, मग १०० ते ११०, आणि पावणेदहापर्यंत १२५ च्या पुढे. प्रत्येक गाण्यासमोर चार गोष्टी: बीपीएम, ठेका, सम कुठे सापडते, आणि आत कसं यायचं.

मावशींचं ते गाणंही त्यात आहे. पुढे दुसऱ्या एका लग्नात, कोराडी रोडवर, तेच गाणं पुन्हा मागितलं गेलं. १०० चा केरवा चालू होता. मी त्याची सम येऊ दिली, चार ठोके इको घुमू दिला, आणि दादरा त्याच्या पहिल्या ‘धा’वर सोडला. एकाही पावलाला अडखळावं लागलं नाही. वहीत त्याच्यासमोर लिहिलं आहे: १००, दादरा, बासरीनंतर दुसऱ्या आवर्तनाची सम, कापून.